खाद्यजत्रेचे भाडे आणि ताटातली विविधता

नाशिकमध्ये थंडी पडू लागली की गंगापूर रोडवरील डोंगरे वसतिगृहाच्या मैदानापासून उपनगरांतील मोकळ्या भूखंडांपर्यंत खाद्यमहोत्सवांचे मंडप उभे राहतात. त्याच सुमारास हॉटेलांच्या दर्शनी भागावर राजस्थानी, अवधी, मालवणी, ओरिएंटल अशा खास सप्ताहांचे फलक लागतात. घरातल्या माणसांनी संध्याकाळी बाहेर पडावे, चार वेगळ्या प्रांतांचे पदार्थ चाखावेत आणि निदान जिभेपुरती तरी आपल्या ओळखीची कक्षा रुंदावावी, ही कल्पना मला मनापासून आवडते आणि तिची थट्टा करण्याचा या लेखाचा हेतू नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या जत्रांमध्ये गाळ्यांची संख्या दरवर्षी वाढताना दिसते, पण त्या गाळ्यांवरचे खाणे अधिकाधिक एकसारखे होत चालले आहे. याचे खापर लोकांच्या बिघडलेल्या आवडीवर किंवा आचाऱ्यांच्या आळसावर फोडले जाते, ते मला पटत नाही. जत्रेत काय शिजणार हे पहिला ग्राहक येण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि ते ठरवण्यात गाळ्याच्या भाड्याचा वाटा सर्वांत मोठा असतो.

कोणत्याही महोत्सवात एक फेरी मारली तर तंदुरी मोमो, चीज किसून घातलेला डोसा, काडीला गुंडाळून तळलेला बटाटा, शोरमा, रंगीत मोहितो आणि ‘चुलीवरची’ अशी पाटी लावलेली मिसळ एवढे पदार्थ हमखास भेटतात, आणि दहा गाळे ओलांडून पुढे गेले की हीच मालिका दुसऱ्या नावांनी पुन्हा सुरू होते. हे पदार्थ वाईट आहेत असे नाही. मात्र ते तिथे असण्याचे कारण नाशिककरांना ते सर्वाधिक आवडतात एवढेच नाही, आणि हे समजण्यासाठी साधा हिशेब मांडावा लागतो.

समजा, चार दिवसांच्या महोत्सवात एका गाळ्याचे भाडे 20 हजार रुपये आहे, म्हणजे दिवसाला 5 हजार. एखादी बाई तिथे नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची डाळ 80 रुपयांना एक ताट या दराने विकते आणि साहित्य, गॅस व मदतनिसाची मजुरी वजा जाता तिच्या हाती ताटामागे 40 रुपये उरतात, असे धरू. केवळ भाडे फिटण्यासाठी तिला रोज 125 ताटे विकावी लागतील. आता तव्याकडे पाहू. नागलीच्या पिठाला चिकटपणा नसल्यामुळे उकड काढून ते मळावे लागते, भाकरी हाताने थापावी लागते आणि मग ती तव्यावर व आचेवर भाजावी लागते. एका तव्यावर, सरावलेल्या हातानेही, तासाला 18 ते 20 भाकऱ्यांपेक्षा अधिक होत नाहीत. संध्याकाळी 5 ते रात्री 11 असे सहा तास ती उसंत न घेता थापत राहिली तरी भाकऱ्यांची संख्या 120 च्या वर जात नाही, आणि ताटात दोन भाकऱ्या दिल्या तर ताटे होतात 60. म्हणजे गिऱ्हाइकांची रांग लागली, एकही भाकरी उरली नाही, तरी ती भाड्याच्या निम्म्यावर अडकते. शेजारच्या गाळ्यावर बाटलीतले सिरप, सोडा, बर्फ आणि पुदिन्याची दोन पाने एवढ्यावर अर्ध्या मिनिटात एक पेला तयार होतो. दोघांकडून सारखेच भाडे घेतले जाते, त्यामुळे पुढच्या वर्षी त्या मैदानावर कोण दिसणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आयोजकाला यात खलनायक ठरवण्याचे कारण नाही. मैदानाचे शुल्क, मंडप, वीज आणि तिच्या जोडीला जनरेटर, अग्निशमनाची व्यवस्था, परवानग्या, सुरक्षारक्षक, आणि गर्दी जमावी म्हणून व्यासपीठावर आणलेला गायक हा सारा खर्च त्याला आगाऊ करावा लागतो आणि तो वसूल करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गाळ्यांचे ठोक भाडे. मैदान पालिकेचे असो वा संस्थेचे, जागेचा मालकही आयोजकाला किती पैसे देतोस एवढेच विचारतो. तिथे काय खायला मिळणार याची चौकशी होत नाही. परिणामी झटपट होणारे, आधी तयार करून गोठवून आणता येणारे, तळले की कोणत्याही हाताने सारखेच लागणारे पदार्थ टिकतात आणि ज्यांना वेळ, हात आणि विस्तव लागतो ते बाहेर पडतात. चार गाळे ‘पारंपरिक’ पदार्थांसाठी ठेवले जातात, परंतु भाडे तेच असल्यामुळे तेही बहुधा एखादा केटररच घेतो आणि पुरणाच्या मांड्यांपासून पिठल्यापर्यंत सगळे एकाच स्वयंपाकघरातून आणतो.

हॉटेलांच्या खास सप्ताहांचे दुखणे निराळे आहे, पण मूळ त्याच जातीचे आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या हॉटेलांत सकाळीच पिवळी, पांढरी, मखनी आणि तपकिरी अशा चार ग्रेव्ही मोठ्या पातेल्यांत करून ठेवतात आणि दिवसभर त्यांच्या मिश्रणातून शेकडो नावांच्या भाज्या उभ्या राहतात. रोजच्या व्यवसायासाठी ही सोय समजण्यासारखी आहे. मात्र सप्ताहाचे नाव अवधी असो की राजस्थानी, पातेली तीच राहिली तर बदलते ती फक्त वेटरची पगडी. त्यावर ‘अमर्याद’ या शब्दाची भर पडते. ठरावीक रकमेत हवे तेवढे खा असे सांगितले की ग्राहक चवीचा विचार सोडून पैसे वसूल करण्याच्या मागे लागतो, तिसऱ्या पदार्थानंतर त्याला कशाचीच वेगळी चव कळेनाशी होते आणि हॉटेलवाला भरड, पोट भरणारे पदार्थ पुढे सरकवून आपला हिशेब जुळवतो. याउलट एखादे हॉटेल जेव्हा त्या प्रांतातला आचारी पाहुणा म्हणून बोलावते, त्याला त्याचे मसाले आणि भांडी घेऊन येऊ देते आणि मोजके पदार्थ ठेवते, तेव्हा फरक पहिल्या घासाला कळतो. काश्मिरी वाझवानातला गुश्ताबा करताना मांस लाकडी हातोड्याने कुटून कुटून त्याचा लगदा करावा लागतो. मिक्सरमधल्या खिम्याला ते पोत येत नाही, आणि हे वाझाच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक आचाऱ्याच्या, हातचे एकदा खाल्ल्याशिवाय समजत नाही. असे सप्ताह महाग असतात, तरीही त्यांना मी प्रामाणिक मानतो, कारण ज्याचे पैसे घेतले ते ताटात येते.

आता ज्या विविधतेसाठी आपण लखनौ आणि जोधपूरकडे पाहतो ती आपल्या जिल्ह्यात किती आहे हे पाहावे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली समाजांच्या घरी नागली, वरई, उडीद आणि खुरासणीची चटणी हे रोजचे खाणे आहे. पावसाळा सुरू झाला की त्यात टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी, फोडशी, बांबूचे कोवळे कोंब अशा रानभाज्यांची भर पडते, आणि त्या प्रत्येकीची वेगळी रीत आहे. पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येणाऱ्या शेवळांचेच उदाहरण घ्यावे. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे ती नुसती शिजवली तर घसा खवखवतो. म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंचेबरोबर शिजवण्याची पद्धत आहे. हे ज्ञान पाककृतीच्या पुस्तकातून कमी आणि करणाऱ्या बाईच्या शेजारी बसून अधिक मिळते.

उत्तरेकडे बागलाण, कळवण, देवळा या तालुक्यांत अहिराणीचा प्रदेश सुरू होतो आणि तिथे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर खापरावरची पुरणपोळी होते. ही पोळी पोळपाटावर लाटत नाहीत; पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत मोठा करतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकतात. ज्या बाईला ती जमते तिच्या मनगटाचे कसब एखाद्या वादकाच्या बोटांइतके तयार असते, आणि तरीही आपल्या महोत्सवांत तिच्यासाठी जागा नाही, कारण तिचाही वेग तासाला मोजक्या पोळ्यांचाच आहे. त्याच बाजूला मालेगाव आहे. 1857 नंतरच्या काळात उत्तर भारतातून आलेल्या विणकर कुटुंबांनी तिथे मागांचे शहर वसवले आणि त्यांच्याबरोबर उत्तरेकडची स्वयंपाकाची रीतही आली. नाशिकच्या खाद्यप्रेमींपैकी किती जण केवळ जेवण्यासाठी मालेगावला गेले असतील याची मला शंका आहे.

शहराच्या आतही हेच आहे. देवळाली कॅम्पात फाळणीनंतर येऊन राहिलेल्या सिंधी कुटुंबांच्या घरी दाल-पकवान, साई भाजी आणि कोकी होते, आणि हवापालटासाठी येणाऱ्या पारशांच्या तेथील आरोग्यभवनांमुळे त्यांच्या जेवणाची ओळखही त्या भागाला जुनी आहे. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींनी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून माणसे आणली. त्यांच्यासाठी संध्याकाळी रस्त्याकडेला लिट्टी भाजली जाते, सत्तू कालवला जातो आणि कामावरून सुटलेले लोक उभ्याउभ्या ते खातात. गंगापूर रोडवर राहणारा नाशिककर तिकडे फिरकत नाही, आणि कधीतरी हॉटेलातल्या ‘बिहारी सप्ताहा’त तीच लिट्टी चांदीच्या वर्खासारख्या कागदात गुंडाळून अनेक पट किमतीला खातो.

चव घ्यायला शिकवण्याची उत्तम पद्धत नाशिकमध्येच रुजलेली आहे, ही यातली गंमत. गेल्या 25 वर्षांत या जिल्ह्यात वाइन उद्योग उभा राहिला, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि द्राक्षमळ्यांतल्या चाखण्याच्या दालनांत मुंबई-पुण्याचे लोक सुट्टीच्या दिवशी गर्दी करू लागले. तिथे पाहुण्याच्या पेल्यात चार घोटांपुरतीच वाइन ओततात. द्राक्षाचे वाण कोणते, ती कशी मुरवली, आधी वास का घ्यायचा हे सांगतात. मग दुसरा प्रकार देतात. प्रमाण कमी, माहिती पुरेशी आणि क्रम ठरलेला. ज्या शहराने परदेशी द्राक्षवाणासाठी एवढी शिस्त आत्मसात केली त्याने नागली, वरई आणि खुरासणीसाठी ती वापरू नये, याचे मला नवल वाटते. तिकडच्याच काही रिसॉर्टांत भिंतीवर वारली चित्रे काढून ‘आदिवासी थाळी’ वाढली जाते. ती बनवणाऱ्या स्वयंपाकघरात वारली किंवा कोकणा घरातले कोणी असते का, हे एकदा विचारून पाहावे. ‘चुलीवरचे’ या शब्दाचेही तसेच झाले आहे. ज्या बायकांच्या डोळ्यांत रोज चुलीचा धूर जातो त्यांना गॅस मिळावा म्हणून सरकारने 2016 मध्ये उज्ज्वला योजना आणली, आणि आपण शहरात त्याच धुराचे वेगळे पैसे मोजतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. खाण्यात शुद्ध आणि अस्सल असे काही नसतेच, मग मोमोला नाके का मुरडायची? हा आक्षेप बरोबर आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग हे सगळे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात व नंतर आपल्याकडे आले. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. आपल्या उपवासाच्या ताटातून परके पदार्थ काढले तर वरईचा भात, जिला नाशिककर भगर म्हणतात, आणि थोडे दूध-तूप एवढेच उरेल. नाशिकची मिसळ, जिचा काळा रस्सा आपण इतक्या अभिमानाने सांगतो, ती पावाशिवाय अपुरी, आणि पाव पोर्तुगीजांचा. त्यामुळे माझा आग्रह जुनेपणाचा किंवा शुद्धतेचा नाही. नेपाळी किंवा तिबेटी माणसाने स्वतः लाटलेला मोमो मला महोत्सवात हवाच आहे. गोठवलेल्या पाकिटातला मोमो मात्र दुकानातही मिळतो, त्यासाठी मंडप कशाला? रांधणाऱ्याचा आणि पदार्थाचा संबंध असावा, एवढीच अट मी घालतो आहे.

दुसरा आक्षेप असा की लोकांना ओळखीचेच खायचे असते. नागली आणि शेवळे कोण विकत घेणार? याचे उत्तर अनुभवाने मिळालेले आहे. ‘उमेद’ अभियानातर्फे मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात किंवा पुण्याच्या भीमथडी जत्रेत बचत गटांच्या स्त्रिया स्वतः शिजवतात, आणि तिथे मांडे, थालीपीठ, तांदळाची भाकरी आणि मासळीच्या गाळ्यांपुढे शहरी लोक रांगा लावतात. ग्राहक तोच, शहरीच. फरक गाळे कोणाला आणि कोणत्या अटीवर दिले यात आहे. आपल्याकडे कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये भरतो आणि तो स्तुत्य आहे, परंतु त्याचा भर कच्च्या जुड्या विकण्यावर राहतो. हौसेने घेतलेली भारंगी घरी नेऊन तिचे काय करायचे हे बहुतेकांना ठाऊक नसते. एक वाटी शिजवलेली भाजी आणि अर्धी भाकरी तिथेच मिळाली तर पुढच्या वर्षी जुडीही विकली जाईल.

तेव्हा महापालिकेने आणि मैदाने भाड्याने देणाऱ्या संस्थांनी परवानगी देतानाच काही अटी घालाव्यात. ठरावीक गाळ्यांचे, निदान पाचव्या हिश्शाचे, भाडे ठोक न घेता विक्रीच्या प्रमाणात घ्यावे. कूपन किंवा क्यूआर कोडने पैसे घेतले जातात तिथे विक्रीचा हिशेब आपोआप होतो. वर मांडलेल्या उदाहरणात 60 ताटांची विक्री 4,800 रुपयांची होते. त्यावर 10 टक्के म्हणजे 480 रुपये दिले तर त्या बाईला दिवसाकाठी 1,900 रुपयांच्या वर उरतात आणि तिचे येणे सार्थकी लागते. आयोजकाची तूट मोहितोच्या गाळ्यावर थोडे भाडे वाढवून भरून निघू शकते, आणि तो गाळेवालाही हे सहन करील, कारण नवे काही असेल तरच गर्दी येते. सुरगाण्याहून नाशिकला यायचे म्हणजे 80-90 किलोमीटरचा घाटरस्ता. तेव्हा मुक्कामाची आणि सामान आणण्याची सोय नसेल तर स्वस्त भाडेही उपयोगाचे नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी लहान विक्रेत्यांसाठी सोपी आहे, पण ती ऑनलाइन करावी लागते. आयोजकाने ती आपल्या टेबलावर करून द्यावी. आणि प्रत्येक गाळ्यावर चाखण्यापुरते लहान माप ठेवणे बंधनकारक करावे. दीडशे रुपयांची भरलेली प्लेट घेतली की चौघांचे कुटुंब दोन गाळ्यांत पोट भरून परतते. 30-40 रुपयांत चार घास मिळाले तर तेच कुटुंब सहा ठिकाणी थांबते.

याहून महत्त्वाचा प्रश्न कायमच्या बाजारांचा आहे. पथविक्रेत्यांसाठी 2014 मध्ये केंद्राचा कायदा झाला. शहर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत असे तो सांगतो आणि आपोआप वाढलेल्या नैसर्गिक बाजारांची दखल घ्यायला लावतो. प्रत्यक्षात सातपूरचा लिट्टीवाला अतिक्रमण म्हणून हटवला जातो आणि त्याच आठवड्यात मोठ्या आयोजकाला मैदान मिळते, ही विसंगती आपल्याला खटकतही नाही. इंदूरचा सराफा आणि अहमदाबादचा माणेकचौक हे दिवसा सोन्याचांदीचे बाजार असतात आणि दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. त्यासाठी कोणाला नवी इमारत बांधावी लागली नाही. सिंगापूरने 1970 च्या दशकात फेरीवाल्यांना हुसकावण्याऐवजी पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या केंद्रांत बसवले, आणि 2020 मध्ये त्यांच्या या संस्कृतीला युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. केंद्र सरकारनेही 2023 मध्ये देशभरात 100 खाद्यपथ विकसित करण्यासाठी प्रत्येकी 1 कोटी रुपयांची योजना आखली. नाशिकमध्ये अशा कामावर पैसा खर्च होईल तेव्हा तो कमानीवर आणि रोषणाईवर न जाता नळ, गटार, हात धुण्याची जागा आणि कचरा उचलण्यावर जावा, हे आताच बोलून ठेवलेले बरे.

मांसाहाराचा विषय टाळून चालणार नाही. तीर्थक्षेत्र म्हणून गोदाघाट आणि पंचवटीच्या परिसरात काही मर्यादा पाळणे योग्यच आहे. 2027 च्या सिंहस्थात देशभरातून येणारे आखाडे आणि भाविक तपोवनात अन्नछत्रे उघडतील आणि पंजाबपासून दक्षिणेपर्यंतचे शाकाहारी जेवण पंगतीत विनामूल्य मिळेल, ते चाखण्याचीही ती मोठी संधी असेल. पण संपूर्ण शहराचे खाद्यमहोत्सव सरसकट ‘शुद्ध शाकाहारी’ जाहीर करण्याची जी सोपी वाट आयोजक धरतात, तिने सुकट, खेकडे, मटण रांधणारे समाज एका फटक्यात बाहेर राहतात आणि त्यात आदिवासी, कोळी, मुस्लिम, दलित यांची घरे सर्वाधिक असतात. दोन स्वतंत्र रांगा, वेगळी तेले, वेगळी भांडी आणि ठळक पाट्या एवढ्याने दोन्ही बाजूंचा मान राखता येतो.

राहता राहिला ऋतूचा प्रश्न. आपले जवळजवळ सगळे महोत्सव नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होतात, कारण मैदान कोरडे असते आणि हवा चांगली असते. पण शेवळे जूनमध्ये येतात, बहुतेक रानभाज्या श्रावणाअखेर संपत येतात आणि खापरावरच्या पोळीचा सण वैशाखात असतो. डिसेंबरच्या मंडपात यांतले काहीच मिळणार नाही, कितीही सवलतीचा गाळा दिला तरी. त्यामुळे महापालिकेच्या मालकीच्या एखाद्या छपराखालच्या, पाण्याची व निचऱ्याची सोय असलेल्या जागेत जून ते सप्टेंबर दर रविवारी दहा-बारा गाळ्यांचा छोटा बाजार भरवून पाहावा. गाळेधारकांची निवड तालुकावार बचत गटांकडून आणि शहरातल्या विक्रेत्यांकडून व्हावी, पहिल्या वर्षी विक्रीच्या हिश्शाखेरीज काही घेऊ नये, आणि कोणत्या गाळ्यावर किती विकले गेले याचा तपशील हंगाम संपताच जाहीर करावा, म्हणजे लोक काय खातील यावरचा वाद अंदाजाने घालावा लागणार नाही.